भिंतीपलीकडचे कान

"मी नाही जेवणार. मी कान खाऊन आले," असं भिंगरीने दारातूनच जाहीर केलं आणि चपला दोन दिशांना भिरकावल्या.

तिची आई ताट वाढून बसली होती. ताटात मऊ भात होता, वाफवलेल्या गाजराची फुलं होती आणि ऑम्लेटचं एक घर होतं. घराला मटारच्या दाण्यांच्या खिडक्या होत्या. त्या खिडक्या बसवण्यात तिची अर्धी सकाळ गेली होती.

"एक घास. फक्त एक. हे बघ, घराचं छप्पर खातेस?"

"छप्पर कुणी खातं का?" भिंगरी सोफ्यावर चढली आणि तिने तिथून खाली उडी ठोकली. धप्प! "काकूआजीकडे कान असतात. कुरकुरीत. आत खिमा असतो. खिडक्या नसतात."

कान म्हणजे डंपलिंग. मैद्याच्या पातळ पारीत खिम्याचं सारण भरायचं, पारी दुमडून कडेला बारीक चुण्या घालायच्या आणि तव्यात तेलावर खरपूस तळायचं. दिसायला अगदी कानासारखी, म्हणून भिंगरीने ठेवलेलं हे नाव. ती करायच्या शेजारच्या काकू. काकू घरी पडदे शिवायच्या, त्यामुळे चुण्या घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भिंगरीच्या आईने एकदा त्या चुण्या अगदी जवळून निरखल्या होत्या. सगळ्या एकसारख्या, दिवाणखान्यात टांगाव्यात इतक्या सुबक. बघून कौतुक वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात घशाशी काहीतरी आंबट आलं.

कारण भिंगरी घरी जेवत नसे. डॉक्टर म्हणाले होते, वजन ठीक आहे, काळजी करू नका. पण काळजी करू नका म्हटल्यावर जिची काळजी थांबते, अशी आई अजून जन्माला यायची आहे. रोज दुपारी ती ताट घेऊन मुलीच्या मागे फिरायची आणि मुलगी सोफ्यावर चढून उड्या मारायची. उडी, धप्प, अर्धा घास. उडी, धप्प, तोही बाहेर. आणि हीच मुलगी भिंतीपलीकडे जाऊन मांडी घालून बसते, शहाण्यासारखी खाते, वर "अजून दे" म्हणते! ती भिंत जाड ती केवढी. तेवढ्यात पोरीचा स्वभाव बदलतो?

"असू दे गं," नवरा म्हणाला. "कुठे का होईना, पोटात गेलं ना?"

"कुठे का होईना? आज कुठे का होईना जेवली. उद्या कुठे का होईना झोपेल. परवा कुणाला का होईना आई म्हणेल!"

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. समोरच्याला काय दिसत नाही, हे ओळखण्याचा त्याला पगार मिळायचा. घरी मात्र ते बोलून दाखवायचं नसतं, हे तो फुकटात शिकला होता. तो मुकाट्याने ऑम्लेटच्या घराची पडझड करू लागला. पण दोनच खिडक्या खाऊन त्याने ताट सरकवलं.

"का रे? तुला भूक नाही?"

"आहे की. म्हणजे, तशी फार नाही."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. शर्टाच्या खिशाखाली तेलाचा गोल डाग होता.

"तू कुठे गेला होतास?"

"शिडी परत द्यायला. शेजारी. त्यांनी फार आग्रह केला गं."

"किती?"

"आग्रह?"

"कान!"

"मोजले नाहीत," तो म्हणाला आणि चष्मा काढून पुसत बसला. चष्मा स्वच्छच होता.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एक मुलगी, एक नवरा, एवढाच काय तो संसार, आणि तो सगळाच्या सगळा भिंतीपलीकडे जेवून येतो!

दुसऱ्या दिवशी जिन्यात काकू भेटल्या तेव्हा तिने चेहऱ्यावर जमेल तेवढा गोडवा आणला. "काकू, तुमची पारी इतकी कुरकुरीत कशी होते हो?"

"अगं, त्यात काय एवढं!" काकू म्हणाल्या. "हाताचा अंदाज."

हाताचा अंदाज! जिला सांगायचं नसतं, तिच्याच हाताला नेमका अंदाज असतो. भिंगरीची आई "हो ना, हो ना" करत घरी आली आणि थेट स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर उभी राहिली. ही भिंत सामायिक होती. अलीकडे हिचा ओटा, पलीकडे काकूंचा. तिने कॉलेजात पदार्थविज्ञान घेतलं होतं. त्या पदवीतलं बाकी सगळं लंगोट बदलता बदलता विरून गेलं होतं, पण आवाज हवेपेक्षा घन वस्तूतून चांगला जातो, एवढं एक वाक्य शिल्लक होतं. तिने स्टीलचा ग्लास भिंतीला लावला आणि ग्लासाला कान.

तेव्हापासून हा नेमच झाला. दुपारी भिंगरीचं जेवण उरकलं, म्हणजे उरलं, की ती ग्लास घेऊन भिंतीशी उभी राहायची. आणि थोड्याच वेळात पलीकडे सुरू व्हायचं. आधी ठकठक, ठकठक. ही सुरी. म्हणजे खिमा विकतचा नाही, मांस घरीच चिरतात. मग धप्प. धप्प. धप्प. हे ऐकून ती पहिल्या दिवशी दचकलीच. पीठ! बाई पीठ ओट्यावर आपटत होती! हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग शांतता. मग शिलाई मशीनची टर्रर्र. म्हणजे भरलेली डंपलिंग मुरायला तशीच ठेवून काकू पडदा शिवत होत्या. मशीन थांबलं की चर्रर्र. झाकणाचा खण्ण आवाज. आणि पुन्हा बारीक चर्रर्र.

"काय करतेस?" एकदा नवऱ्याने मागून विचारलं.

"भिंतीला ओल आलीय का बघतेय."

"कानाने?"

तिने बोट ओठांवर ठेवलं. तो पाय न वाजवता निघून गेला.

आठवडाभरात सगळी कृती तिला आवाजानिशी पाठ झाली. तरी करायचा धीर होत नव्हता. तो आला शनिवारी. काकू दारात उभ्या, हातात झाकलेला डबा. "पोरीला रात्री लागेल म्हणून आणलं. तुझ्याकडे काही खात नाही म्हणे."

म्हणे! कोण म्हणे? भिंगरीची आई वळली. भिंगरी छताकडे बघत होती. नवरा तर छताच्याही पलीकडे.

"नको काकू," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण शब्द कुठून येत होते कळत नव्हतं. "उद्या आम्हीच करणार आहोत. तुमच्यासारखी नाही हं. जरा वेगळी. तुम्हीच या जेवायला."

"तू?" काकू म्हणाल्या. त्या एका अक्षरात जे काही मावलं होतं, त्यापायी तिला रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी सकाळी ती मटणाच्या दुकानात गेली.

"खिमा करून देऊ, ताई?"

"नको, अख्खंच द्या. मी घरी चिरते."

दुकानदाराने तिच्या हातांकडे पाहिलं, मग सुऱ्यांकडे, मग पुन्हा हातांकडे. "सांभाळून," एवढंच म्हणाला.

ते मांस चिरता चिरता दुपार झाली. उजव्या हाताला फोड आला, पण खिमा झाला. कांद्याची पात, आलं, मिरी, मीठ. मग तिने नवऱ्याच्या हाती भिंगरी दिली. "बागेत ने हिला. आणि परत येताना रिकाम्या पोटीच यायचं. दोघांनी!"

घर शांत झालं. तिने पिठाचा गोळा उचलला, डोक्यावर नेला आणि ओट्यावर आपटला. धप्प!

पलीकडून आवाज आला. धप्प!

ती थबकली. योगायोग असेल. तिने पुन्हा आपटला. धप्प! पुन्हा पलीकडून, जरा जोरातच, धप्प!

म्हणजे काकूंना कळलं होतं. ही भिंतीला कान लावते, हे कळलं होतं आणि आता त्या वेडावत होत्या! तिचे कान लाल झाले. तिने सगळा जीव एकवटून गोळा हाणला. खुंटीवरचा झारा खाली आला. पलीकडेही काहीतरी पडलं, बहुधा पातेलं. ती माघार घेईना, भिंत माघार घेईना. धप्प, धप्प! धप्प, धप्प! शेवटच्या दणक्याला फळीवरचा मैद्याचा डबा सरकत सरकत कडेला आला, क्षणभर विचारात पडला आणि उलटा झाला. पांढरा ढग उठला. ढग विरला तेव्हा ओटा, जमीन आणि भिंगरीची आई एकाच रंगाची होती, आणि लाटताना लावायला म्हणून डब्यात चिमूटभरही मैदा राहिला नव्हता.

मग तशाच लाटल्या पाऱ्या. चिकटत होत्या, पण लाटल्या. चुण्या घालायला गेली तर एकाला पाचच पडल्या, दुसऱ्याला सतरा. एक कान सुजलेला, एक कुरतडलेला, एक तर नाकच वाटत होता. ते सगळे तिने एका ताटलीत दाटीवाटीने बसवले आणि ती भिंतीशी जाऊन उभी राहिली, कारण कृतीत पुढची पायरी होती मशीन. पलीकडे मशीन सुरू झालं. ते थांबलं की तळायचं.

मशीन थांबेचना. टर्रर्र, टर्रर्र. काकूंनी कुठल्या नाट्यगृहाचा पडदा घेतला होता की काय, देव जाणे. तिने हात धुतले, तोंड धुतलं, जमीन पुसली. टर्रर्र. ताटलीत डोकावली, तर सारणाला पाणी सुटलं होतं आणि पाऱ्या घामेजल्या होत्या. तळायला घ्यावं का? पण काकू तर थांबल्यात! मुरण्यातच सगळं रहस्य असेल तर? नाही, घाई करून चालणार नव्हतं. ती थांबली. पदवी घेतलेली बाई, पण समोरच्या ताटलीपेक्षा तिचा विश्वास भिंतीवर जास्त.

शेवटी मशीन थांबलं. तिने तव्यात तेल तापवलं आणि पहिला कान उचलला. त्याच्याबरोबर दुसरा आला. दुसऱ्याने तिसऱ्याला धरलं होतं. चौथ्याने ताटली सोडायला साफ नकार दिला. ती सगळी मंडळी एकमेकांच्या गळ्यात गळा घालून एकजीव झाली होती.

आणि दारावरची घंटा वाजली.

"आई, आम्ही आलो! काकूआजी पण आली!"

तिने वाटीभर पाणी ताटलीत ओतलं, म्हणजे तरी सुटतील. सुटले नाहीत, फक्त पाणी पांढरं झालं. उलथनं घातलं, ताटली तिरकी केली, हलवली, आपटली. आणि मग सगळं एकदम सुटलं. कान, पांढरं पाणी, सगळं एका दमात धबाक्कन तापलेल्या तव्यात.

चर्रर्रर्र! तेलाचे शिंतोडे छताकडे उडाले. तिने किंचाळत हाताला लागेल ते झाकण तव्यावर दडपलं. खण्ण! आणि दोन पावलं मागे सरकून डोळे मिटले.

"काय झालं?" नवऱ्याने बाहेरून विचारलं.

"काही नाही! कृतीतच आहे तसं!"

ती बाहेर आली. काकू चांगली साडी नेसून आल्या होत्या. हातात एक थाळी, वर स्वच्छ रुमाल. रुमालाखाली ओळखीचे उंचवटे.

"हे काय, काकू?"

"काही नाही गं. म्हटलं, असावं जवळ. पहिल्यांदाच करतेस ना. बिघडलंच तर पोर उपाशी नको राहायला." काकूंनी तिच्या केसांकडे पाहिलं. "केस पिकले वाटतं एका दुपारीत?"

"मैदा आहे," ती म्हणाली.

भिंगरीने रुमालाचं टोक उचलून पाहिलं. सगळा खेळ त्या टोकाशी होता. आज ही पोर काकूंच्या थाळीकडे वळली, तर उद्यापासून ऑम्लेटला महालाच्या खिडक्या बसवल्या तरी उपयोग नव्हता.

आत चर्र आवाज बारीक बारीक होत गेला. ती गेली, झाकण उचललं. पाणी आटलं होतं. तव्यात काय आहे ते दिसेना. कडेने काहीतरी तपकिरी जाळीसारखं सुटून आलं होतं. तिने देवाचं नाव घेतलं, मोठं ताट तव्यावर उपडं घातलं, सगळं उलटं केलं आणि डोळे मिटूनच ते बाहेर आणून टेबलावर ठेवलं.

तिने एक डोळा उघडला.

ताटात एक अख्खा गोल होता. पिठाचं पाणी तव्याला धरून त्याची सोनेरी, काचेसारखी पातळ जाळी झाली होती, आणि त्या जाळीत वेडेवाकडे कान घट्ट बसले होते. एकही चुणी दिसत नव्हती. ते बरंच झालं.

"चंद्र!" भिंगरी ओरडली.

तिने जाळीचा एक तुकडा मोडला. कट्ट! तो तोंडात गेला. कर्रम. मग चंद्राचा आणखी एक तुकडा, त्याच्याबरोबर एक कान, त्यातला खिमा. ती खुर्चीवर बसली होती. खुर्चीवर! पाय खाली सोडून, दोन्ही हातांनी, हनुवटीवरून तेल ओघळत. सोफ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. नवऱ्यानेही तुकडा मोडला आणि डोळे मिटले. रुमाल थाळीवर तसाच होता.

काकू मात्र इकडेतिकडे बघत होत्या. कसलीतरी वाट बघितल्यासारख्या.

"आज धप्प नाही करणार ही?" त्यांनी भिंगरीकडे बोट दाखवत विचारलं.

"म्हणजे?"

"अगं, रोज दुपारी तुमच्याकडून ऐकू येतं ना, धप्प, धप्प. मी आपली समजत होते की तू पीठ आपटतेस. म्हटलं, शिकलेली मुलगी, काहीतरी कारण असणार. मग मीही आपटायला लागले. आधी माझ्या पाऱ्या चिवट व्हायच्या. आपटायला लागले तशा काय सुधारल्या! तुझी धप्प ऐकली की मी माझी सुरू करायची, असा नेमच पडला. आता ही बागेतून येताना भेटली आणि म्हणाली, मी सोफ्यावरून उड्या मारते. मी उभीच राहिले जिन्यात!"

नवऱ्याला ठसका लागला. भिंगरीची आई त्याच्या पाठीत नुसतीच थापटत राहिली. म्हणजे पोर जेवत नव्हती म्हणून उड्या मारत होती. त्या उड्या ऐकून काकू पीठ आपटत होत्या. त्यामुळे कान कुरकुरीत होत होते. आणि ते खाऊन आली म्हणून पोर जेवत नव्हती. एवढा सगळा जळफळाट केला, त्याचं मूळ आपल्याच सोफ्यात!

"मग आज दुपारी पलीकडून..." तिने हळूच विचारलं.

"तू सुरू केलंस म्हणून मी केलं. पण आज काय गं पिसाटल्यासारखी आपटत होतीस! माझं पातेलं पडलं."

भिंगरीने शेवटचा तुकडा उचलला. काकूंचा हातही त्याच तुकड्याकडे निघाला होता. तो वाटेतच थांबला आणि साडीचा पदर नीट करून परत गेला. मग काकूंनी ताटातली जाळीची चुरी बोटाने टिपली, जिभेवर ठेवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. भिंगरीच्या आईने ते तत्काळ ओळखलं. घशाशी आंबट आल्यावर चेहरा असाच होतो. तो ती रोज आरशात बघत होती.

"कसं केलंस गं हे?" काकूंनी विचारलं. अगदी सहज. फारच सहज.

खरं सांगायचं तर तिला काहीच माहीत नव्हतं. किती पाणी, किती पीठ, किती वेळ झाकण, सगळं त्या तव्यालाच ठाऊक. ते सांगायला तिने तोंडही उघडलं होतं.

"अहो काकू," ती म्हणाली, "त्यात काय एवढं! हाताचा अंदाज."

सोमवारी दुपारी भिंगरी स्वतःहून खुर्चीवर येऊन बसली. "आई, चंद्र."

"आज भात खा ना, राणी."

"चंद्र. नाहीतर काकूआजीकडे जाते. ती म्हणाली, ती पण करणार आहे."

आईने तवा घेतला, तेल घेतलं, वाटीभर पाणी घेतलं आणि ती त्या तिन्ही वस्तूंकडे बघत उभी राहिली. हाताला कसलाच अंदाज येईना. मग तिने स्टीलचा ग्लास उचलला आणि भिंतीला कान लावला. काकू करून बघत असतील, तर आपण काय केलं होतं ते निदान आपल्याला तरी कळेल. भिंगरीनेही खुर्ची ओढत आणली, तिच्यावर चढून आपला दुधाचा पेला शेजारी लावला.

पलीकडे सुरी नव्हती. मशीन नव्हतं. चर्र नव्हतं. भांडंसुद्धा वाजत नव्हतं.

"काकूआजी घरी नाही?" भिंगरी कुजबुजली.

"श्श. आहेत."

ही शांतता तिच्या चांगलीच ओळखीची होती. भांड्याला कान लावून, श्वास रोखून कुणी उभं असलं की अशी शांतता होते. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग मोकळा हात हळूच उचलला आणि ओट्यावर आपटला.

धप्प!

पलीकडून लगेच उत्तर आलं. धप्प!

"आता पुढे काय करायचं, आई?"

"गप्प बस," आई कान न काढता म्हणाली. "काकू काय करतात ते ऐकू दे."